उजळणी

ॲल्युमिनियमला पॉलिश लावून घासायला घेतलं की फडकं काळं होतं. १९९२ साली सेकंडहँड येझदी रोडकिंग घरी आणली आणि पहिल्याच रविवारी अंगणात, पारिजातकाच्या सावलीत, तिच्यासमोर पाट टाकून बसलो. तेव्हा हा काळेपणा म्हणजे आधीच्या मालकानं साठवलेला मळ, असंच मी धरून चाललो. मळ निघतोय म्हटल्यावर हाताला हुरूप येतो. इंजिनाचं डावीकडचं झाकण घासलं, फडकं काळं. घडी बदलून पुन्हा घासलं, पुन्हा काळं. फडकं पांढरं राहील तेव्हाच उठायचं, असं मनाशी ठरवलं होतं. सावली सरकून ऊन पाठीवर आलं, आईनं दोनदा जेवायला हाक मारली, तरी फडकं काही पांढरं येईना.

सोमवारी बँकेत जाताना मिस्त्रींच्या शेडवर थांबलो आणि ते फडकं दाखवून म्हटलं, "किती मळ धरलाय हो इंजिनानं, निघता निघत नाही." मिस्त्रींनी फडकं दोन बोटांत चोळून बघितलं. "साहेब, मळ न्हाई ह्यो," ते म्हणाले. "धातू हाय. तुमचं झाकणच फडक्यावर यायला लागलंय."

मी पंचवीस वर्षांचा होतो. त्या एका वाक्यानं माझ्या पुढच्या सगळ्या रविवारांवर सावली धरली, असं म्हटलं तर ते खोटं नाही.

हळूहळू समजत गेलं. पॉलिशच्या डब्यातल्या त्या मऊसूत मलमात डोळ्यांना न दिसणारी कठीण भुकटी कालवलेली असते. ती धातूवरचे उंचवटे कापत जाते. ओरखडे बारीक होतात, मग त्याहून बारीक, आणि शेवटी इतके बारीक की त्यांच्यावर उजेड विखरायचा थांबतो आणि समोरचं झाड धातूत दिसायला लागतं. आपण त्याला चकाकी म्हणतो. कापलेले ते उंचवटे कुठे जात नाहीत, फडक्यावर येतात. ॲल्युमिनियमचे इतके सूक्ष्म कण चमकत नाहीत, काजळीसारखे काळे दिसतात. म्हणजे दर रविवारी मी माझ्या गाडीचा एक पापुद्रा उतरवून घेत होतो, आणि वर तिच्याकडे लांबून बघून खूश होत होतो.

त्या झाकणावर ओतकामातच उठवलेलं येझदीचं नाव आहे. गाडी माझ्याकडे नवी नवी असताना त्या अक्षरांच्या कडा अंगठ्याला टोचायच्या. पॉलिश त्यांच्या बेचक्यांत अडकून पांढरं वाळायचं आणि ते जुन्या टूथब्रशनं काढावं लागायचं. आज ती अक्षरं साबणाच्या वापरलेल्या वडीवरच्या नावासारखी झाली आहेत. ती कोणी पुसली, हे मला दुसऱ्या कुणाला विचारायला नको.

क्रोमचं गणित त्याहून नाजूक. लोखंडावर निकेल चढवतात आणि निकेलवर क्रोम. डोळ्यांत भरणारी चमक खरी निकेलची असते. तिला डाग पडू नये म्हणून क्रोम वर पहाऱ्याला बसतो. हा पहारेकरी कितीसा जाड? अर्धा मायक्रॉन, फार तर थोडा इकडेतिकडे. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे शंभराहून जास्त थर मावतील. एवढ्या पातळ पडद्यात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं राहतातच. सांगलीच्या पावसाळ्यात त्या छिद्रांतून ओल आत शिरते, आत लोखंड फुलतं आणि वर तपकिरी ठिपके उमटतात. रोडकिंगला एक सिलिंडर, पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक, लांबलचक. म्हणजे पुसायला दुप्पट आणि गंजायलाही दुप्पट. ठिपके दिसले की घासावेत, तर पडदा विरत जातो, आणि एके दिवशी चंदेरीच्या जागी निकेलची पिवळसर झाक वर येते. न घासावेत, तर ठिपक्यांचे फोड होतात आणि पापुद्रे सुटतात.

पुसलं तर झिजतं, नाही पुसलं तर गंजतं. इतकी वर्षं मी या दोन क्रियापदांच्या मधे बसून गाडी पुसतो आहे.

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे पाच टाक आहेत. आईच्या आजेसासूबाईंच्या वेळचे, असं आई सांगते. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले देव: खंडोबा, भवानी, जोतिबा, आणखी एक देवी, आणि घराण्यातला कुणी वीर. नवरात्राच्या आधी, घट बसायच्या दोन दिवस अगोदर, आई देव उजळायला काढायची. समई, निरांजन, पितळी घंटा यांना चिंच. टाकांना मात्र चिंच नाही. त्यांना रांगोळी लावायची, कधी दंतमंजन, आणि ती अंगठ्यानं गोल गोल घासायची. रांगोळी म्हणजे तरी काय, दळलेला दगडच. शंभर वर्षं, चार पिढ्यांच्या बायकांचे अंगठे त्या पत्र्यांवरून फिरले. खंडोबाचा घोडा कसाबसा राहिला आहे, त्याच्यावरचा स्वार गेला. भवानीचे हात उरले, चेहरा नाही. वीर तर नुसता उंचवटा आहे, तांदळ्यासारखा.

१९९५ साली माझ्या लग्नाआधी टाक उजळवून आणायला सराफाकडे नेले. आमच्याकडे लग्नाआधी ती पद्धतच आहे. सराफांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, वहिनी, यांच्यात आता उजळायला काही राहिलं नाही, हे मोडीत घालून याच चांदीचे नवे करू, नाक-डोळे स्वच्छ येतील. आईनं टाक पदरात गोळा केले. "मला दिसतंय की सगळं," ती म्हणाली, आणि आम्ही तसेच घरी आलो.

तिला कसं दिसतं, हे मला पुढे कळलं. एकदा दिवे गेले होते आणि ती अंधारातच देव ताम्हनातून उचलून जागेवर ठेवत होती. प्रत्येक टाकावरून अंगठा फिरवायचा, पुटपुटायचं, आणि ठेवायचा. एकाचीही जागा चुकली नाही. पंढरपुरात पायांवर डोकं टेकवून टेकवून विठोबाचे पाय झिजतात आणि मग मूर्तीला वज्रलेप करावा लागतो, हे आपण सगळे ऐकून आहोत. आमच्या घरी लेप नव्हता, नुसता अंगठा होता.

गाडी पुसायची माझी स्वतःची रीत ठरत गेली. आधी इंजिन गार होऊ द्यायचं. तापलेल्या फिन्सवर गार पाणी घालणं मला अजून बघवत नाही. मग वरून खाली साधं पाणी, हात न लावता, नुसतं सोडायचं, म्हणजे धुळीतली वाळू वाहून जाते. कोरडी धूळ फडक्यानं पुसणं म्हणजे टाकीवर पॉलिशपेपर फिरवण्यासारखंच आहे. चेनकव्हरच्या खालचा, हबजवळचा तेलकट चिकटा रॉकेलनं आणि रंगाच्या ब्रशनं काढायचा. फडकी तीन: मडगार्डच्या खालच्या बाजूला जाड चादरीचं, इंजिनाला जुन्या बनियनचं, आणि टाकीला आईच्या लुगड्याचं. इतक्या वर्षांच्या धुण्यानं त्या लुगड्याच्या सुतातला सगळा ताठा गेलेला असतो. टाकीचं फडकं जमिनीवर पडलं तर त्या दिवशी पुन्हा टाकीला लावायचं नाही, कारण एक कण पुरतो.

गाडी झटपट धुऊन देणाऱ्या ठिकाणी मी तिला नेत नाही. जोराच्या फवाऱ्यानं वरचा चिखल जातो, पण पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि आतलं ग्रीस धुऊन निघतं. शिवाय त्या फवाऱ्याला काही कळत नाही. हाताला कळतं. स्पोक एकेक करून पुसताना नखानं टिचकी मारत गेलं की घट्ट स्पोक टणकन वाजतो आणि सैल झालेला बद्द. एकदा मागच्या मडगार्डच्या पट्टीखालून फडकं ओढताना त्याचा एक धागा अडकला. पुन्हा ओढलं, पुन्हा तिथेच. डोळ्यांना काही दिसेना. नख फिरवलं तेव्हा केसाएवढी चीर लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आंबा घाटातून रत्नागिरीला जाणार होतो. पट्टीला वेल्डिंग करून मगच निघालो.

आणि सायलेन्सरच्या आतली साफसफाई. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळतं आणि न जळलेलं ऑइल काजळी होऊन सायलेन्सरच्या नळीत बसत जातं. गाडी जड वाटायला लागली, चढावर दम लागायला लागला, की मागचं तोंड खोलून आतली नळी ओढून काढायची आणि डांबरासारखा तो कार्बन खरवडायचा. बाहेरून आरसा आणि आत हे. पण खरवडून, पुसून, पुन्हा बसवून किक मारली आणि दोन्ही सायलेन्सरमधून तो मोकळा, पोकळ, धातूच्या भांड्यात घुमणारा आवाज आला की अंगणात मी एकटाच असलो तरी हसू येतं. येझदीची किक आणि गिअर एकाच दांडीवर असतात. दांडी आत दाबून वर फिरवली की किक, किक मारून पुढे पाडली की गिअर. त्या दांडीच्या खाचेत तळपायाचा किती वर्षांचा घास असतो, ते पुसणाऱ्यालाच माहीत.

म्हैसूरच्या यादवगिरीतल्या कारखान्यात १९६१ पासून आधी जावा आणि १९७३ पासून येझदी या नावानं या गाड्या बनत होत्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. माझी गाडी तेव्हा चार वर्षं माझ्याकडे होती. बातमी वाचली त्या रविवारी मी पॉलिशचा डबा उघडला आणि पहिल्यांदाच हात आखडला. आता हे झाकण झिजलं तर दुसरं घडणार नव्हतं.

हेडलाइटच्या क्रोमच्या कड्यावर, बरोबर वरच्या अंगाला, एक डाग आहे. खंडेनवमीला गाडी धुऊन पुसून अंगणात उभी केली की आई हळदीकुंकू घेऊन येते, झेंडूची माळ हॅंडलला अडकवते आणि कड्यावर त्याच ठिकाणी आधी हळद, मग कुंकू लावते. ओली बोटं, दाबून. ते दसऱ्यापर्यंत तसंच ठेवायचं. पाच-सात वर्षांनी ध्यानात आलं की पुसल्यावरही तिथे करड्या रंगाचं वर्तुळ उरतंय. पुढे ते खरखरीत झालं. ओल धरून बसलेल्या कुंकवाखाली क्रोमला खड्डे पडले होते. मी त्या डागाच्या मागे लागलो. पॉलिश लावलं, चांदीच्या कागदानं घासलं, एकदा तर आई दुखावणार नाही अशा बेतानं सुचवलंही, की यंदा कुंकू टायरला लावू. तिनं ऐकलं, आणि बोटं नेहमीच्या जागीच टेकवली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आम्ही गावभागातली माणसं हे आकडे पाढ्यांसारखे पाठ म्हणतो. १९२९ साली बांधलेला तो पूल आमच्या गावाची फूटपट्टीच आहे. २००५ चा पूर पाहिलेला असल्यानं त्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं, त्याच्या वर दोन हात जागा सोडून सामान माळ्यावर टाकलं. या वेळी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. आईला खुर्चीत बसवून बोटीपर्यंत नेलं. तिच्या हातात एकच पिशवी होती आणि तिच्यात पाच टाक. गाडी जिन्याच्या बाजूला, मुख्य खांबाला दोरानं बांधून ठेवली. बांधताना दोर टाकीवर घासू नये म्हणून खाली लुगड्याचं फडकं घातलं. एवढ्या घाईत ते कसं सुचलं, मला अजून सांगता येणार नाही.

परत आलो तेव्हा ती तिथेच उभी होती, पण गाडी नव्हती ती. गाडीच्या आकाराचा गाळ होता. कृष्णेचा गाळ लोण्यासारखा बारीक असतो, त्याला कुजलेल्या पाल्याचा, डिझेलचा आणि आणखी कशाकशाचा वास येत होता, आणि तो वाळत चालला होता. वाळल्यावर तो सिमेंटसारखा धरतो आणि घासून काढायला गेलं तर रंग घेऊन येतो. नळाला पाणी नव्हतं. टँकरच्या रांगेत मिळालेल्या पाण्यातून माणसांचं भागवून उरलं, तर घरातल्या भिंती होत्या, भांडी होती, दप्तरं होती. गाडीला तांब्याभर पाणी द्यायचीही लाज वाटत होती. मी संध्याकाळी एक ओलं पोतं तिच्यावर टाकायचो आणि सकाळी ते पुन्हा भिजवायचो, एवढंच. गाळ मऊ राहावा म्हणून.

आठव्या-नवव्या दिवशी तिच्याकडे बसलो. किक मारायची नाही, हे मनाशी घोकत होतो. प्लग काढला, त्या भोकातून पाणी आलं. गिअरबॉक्सचं ऑइल सोडलं, तर दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं. डिझेल घालून हलवून काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. कार्बोरेटरच्या वाटीत चमचाभर माती. हेडलाइटच्या काचेच्या आत पाण्याची रेघ उमटली होती, कड्यासारखी गोल नाही, आडवी सरळ, पूररेषेसारखी. मडगार्डच्या आतून गाळ बोटांनी काढत गेलो, कारण तिथे ब्रश पोचत नव्हता. बोटं एका ठिकाणी कशाला तरी लागली. ओढून बघितलं तर दोराखालचं ते लुगड्याचं फडकं, घट्ट गुंडाळी झालेलं.

क्रोम सगळीकडे तांबूस झाला होता. मदतीच्या जेवणाची पाकिटं चांदीच्या कागदात यायची. मी ते कागद धुऊन जपून ठेवले होते. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं. त्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवला की गंज सुटतो आणि क्रोमवर ओरखडा उठत नाही. काळपट चिखल होतो, तो पुसायचा. असा एकेक वीत पुढे सरकत होतो. तेव्हा माझी मुलगी अकरावीला होती. ती बाजूला बसून बघत होती. म्हणाली, "बाबा, यातला एक कागद दे. आजीचे टाक याच्यानंच होतात." तिनं परातीत कागद अंथरला, त्यावर खायचा सोडा टाकला, कढत पाणी ओतलं आणि एक टाक त्यात ठेवला. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन. गरम सोड्याच्या पाण्यात तो गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी होती तिथेच राहते. पाण्याला सडक्या अंड्यांचा किंचित वास आला आणि चार मिनिटांत जोतिबा पांढराशुभ्र बाहेर निघाला. रांगोळी नाही, घासणं नाही, चांदीचा कणही गेला नाही.

मी त्या टाकाकडे बघत राहिलो. जे मला इतकी वर्षं जमलं नव्हतं, ते माझ्या मुलीनं परातीत करून दाखवलं होतं. झिजवल्याशिवाय उजळणं.

आईनं टाक हातात घेतला. उजेडाकडे धरला. "छान केलास गं," ती नातीला म्हणाली, मनापासून म्हणाली. मग तिनं तो ताम्हनात ठेवला, बोटानं रांगोळी घेतली आणि अंगठा फिरवायला लागली. "अगं आजी, आता कशाला? स्वच्छ झालाय तो!" "स्वच्छ झालाय गं," आई म्हणाली. "पण हात कुठं लागलाय त्याला?"

गाडी चालू व्हायला दिवाळी उजाडली. २०२२ साली येझदीचं नाव पुन्हा बाजारात आलं आणि जुन्या गाड्यांकडे लोक थांबून बघायला लागले. पुतण्या म्हणाला, काका, पूर्ण करूनच घेऊ, रंग, क्रोम, झाकणं, सगळं नव्यासारखं. मी सायलेन्सर प्लेटिंगला दिले, कारण ते खरंच खाल्ले गेले होते आणि आणखी दोन पावसाळे काढते ना. प्लेटिंगवाल्यानं ते आधी बफवर धरून घासले. ठिणग्या उडाल्या, पत्रा उघडा पडला. तेव्हा मी मान वळवली. झाकण दिलं नाही. नाव पुन्हा कोरून देतो म्हणणारा माणूस भेटला होता, त्यालाही नको म्हटलं. हल्ली झाकणाला पॉलिश वर्षातून एकदाच, तेही फडकं जरा राखाडी झालं की थांबतो. बाकीचे रविवार नुसतं ओलं फडकं आणि मग कोरडं. गुडघ्यांमुळे पाटाऐवजी उंच स्टूल आलं आहे, तेवढाच फरक.

हेडलाइटचं कडं प्लेटिंगवाल्यानं मागून घेतलं होतं. डागाला बोट लावून तो म्हणाला, हे तर एका दिवसात आरसा करून देतो. कडं चार दिवस त्याच्याकडे होतं. पाचव्या दिवशी मी ते तसंच परत आणलं.

गेल्या खंडेनवमीला आई जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरली. वय त्र्याऐंशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही डाव्या डोळ्याला आता फारसं दिसत नाही, उजव्याला सावल्या दिसतात. मी हळदीकुंकवाची कोयरी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं तिला धरून गाडीच्या समोर आणलं. तिनं माझा हात सोडला. हॅंडल चाचपलं, माळ अडकवली. मग उजव्या हाताचं बोट हेडलाइटच्या कड्यावर टेकवलं आणि गुळगुळीत क्रोमवरून सावकाश वर नेलं. वरच्या अंगाला आल्यावर ते खरखरीत जागेला लागलं आणि थांबलं. तिनं बोट तिथून उचललं नाही. डावा हात कोयरीकडे नेला आणि म्हणाली, "हळद कुठल्या बाजूला रे?"